पिन जुळवा, मगच फाईल सोडा

सांगलीतल्या एका कर सल्लागारांनी मला विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. कार्यालयात चार माणसं. क्लायंट समोर बसून फोनमधलं पॅन कार्ड, आधार, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट तिथल्या तिथे कर्मचाऱ्याच्या फोनवर पाठवतात. कधी ब्लूटूथने, कधी क्विक शेअरने, कधी हॉटस्पॉट काढून फाईल पाठवणाऱ्या एखाद्या अ‍ॅपने. चौघांपैकी एकीकडे आयफोन आहे, त्यामुळे तिच्यापाशी गाडी दरवेळी अडते. त्यांनी विचारलं, "सर, केबल नाही, इंटरनेट नाही, फाईल नुसती हवेतून जाते. मधल्या मधे कुणी ती उचलू शकतं का? आणि सगळ्यांत सुरक्षित अ‍ॅप कोणतं?"

गेली अठरा वर्षं मी नेटवर्कची सुरक्षा तपासण्याचंच काम करतो, आणि हा प्रश्न मला वर्षातून पंचवीस वेळा तरी येतो. कामापुरतं उत्तर आधी देऊन टाकतो. फोनसोबत आलेली सोय वापरा, म्हणजे अँड्रॉइडवर क्विक शेअर आणि आयफोनवर एअरड्रॉप. फाईल घेण्याची सोय एरवी बंद ठेवा, घेताना तेवढी उघडा. पडद्यावर पिन दिसला की तो समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावा. काम झालं की आलेली फाईल जागेवर हलवा आणि फोनमधून पुसा. पुढचं सगळं उत्तर हे असं का, यासाठी आहे. कारण समजलं नाही तर माणसं आठवड्याभरात पिन वाचणं सोडून देतात, हा माझा अनुभव आहे.

फाईल एका फोनवरून दुसऱ्यावर जाते तेव्हा तीन गोष्टी एकामागून एक घडतात. आधी शोध. दोन्ही फोन ब्लूटूथवरून "मी इथे आहे" अशी हाळी देतात. मग ओळख. दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. आणि शेवटी वाहतूक, म्हणजे प्रत्यक्ष फाईल, जी आजकाल बहुतेक वेळा वाय-फायवरून जाते. निव्वळ ब्लूटूथचा वेग प्रत्यक्षात सेकंदाला दोनेक मेगाबिटच्या आसपास असतो. १०० एमबीची फाईल पाठवायची तर सहा-सात मिनिटं लागतात. म्हणून ब्लूटूथने नुसती गाठ घालून द्यायची आणि ओझं वाय-फायने वाहायचं, अशी वाटणी झाली. एअरड्रॉप २०१३ मध्ये आयफोनवर आलं ते याच वाटणीवर. अँड्रॉइडवर निअरबाय शेअर २०२० मध्ये आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये गूगल व सॅमसंग यांच्या दोन सोयी क्विक शेअर या एकाच नावाखाली आल्या.

तुमची भीती तिसऱ्या टप्प्याची आहे, हवेतून जाणारी फाईल कुणी उचलेल याची. क्विक शेअर आणि एअरड्रॉपमध्ये ही वाहतूक कूटबद्ध असते. शेजारच्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाने सगळ्या लहरी टिपल्या तरी त्याच्या हाती अर्थहीन आकड्यांचा ढीग लागेल. इथवर निश्चिंत राहा.

खरा घोळ दुसऱ्या टप्प्यावर आहे. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक युक्ती मांडली. दोन अनोळखी माणसं भर चौकात, सगळ्यांच्या कानांदेखत आकड्यांची देवाणघेवाण करून अशी किल्ली ठरवू शकतात, जी ऐकणाऱ्या कुणालाही कळत नाही. आज तुमचे फोन हेच करतात. पण या युक्तीत एक गोष्ट मुळातच नाही. किल्ली ठरली, पण कुणाबरोबर ठरली हे गणित सांगत नाही. तुमचा फोन क्लायंटच्या फोनशी बोलतोय असं तुम्हाला वाटतं आणि प्रत्यक्षात तो खुर्चीत मागे बसलेल्या तिसऱ्याच्या फोनशी बोलत असू शकतो. वाहतूक पूर्ण कूटबद्ध, कुलूप भक्कम, आणि किल्ली चोराच्या हातात.

हे भोक बुजवण्यासाठी तो पिन असतो. क्विक शेअरमध्ये दोन्ही पडद्यांवर चार आकडे येतात. ब्लूटूथने जोडी जुळवताना सहा आकडे येतात. हे आकडे त्या ठरलेल्या किल्लीतूनच निघालेले असतात, म्हणून मध्ये तिसरा कुणी शिरला असेल तर दोन बाजूंना वेगवेगळे आकडे दिसतात. सहा आकड्यांत ते चुकून सारखे येण्याची शक्यता दहा लाखांत एक. एवढं मोठं गणित शेवटी माणसाच्या एका कृतीवर टेकलेलं आहे: दोघांनी आकडे वाचून ताडून बघणं. ते न करता "जोडा" दाबलं की वरचं सगळं वाया.

एका पतसंस्थेतला प्रसंग सांगतो. तपासणीचं लेखी काम होतं, व्यवस्थापकांची परवानगी खिशात होती. काउंटरवरच्या बाई कर्जाच्या अर्जाचे फोटो काढून आतल्या साहेबांच्या फोनवर क्विक शेअरने पाठवायच्या. मी ग्राहकांच्या बाकावर बसलो, माझ्या फोनचं नाव साहेबांच्या फोनसारखंच करून ठेवलं आणि दृश्यमानता "सर्वांसाठी" केली. त्यांच्या पडद्यावर एकाच नावाचे दोन फोन दिसायला लागले. त्यांनी वरचा दाबला, तो माझा निघाला. मी "स्वीकारा" दाबलं. एका अनोळखी शेतकऱ्याचा सातबारा, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान तीन सेकंदांत माझ्या फोनवर. मी लगेच आत जाऊन सगळं साहेबांसमोर पुसलं आणि मग बाहेर येऊन त्यांना विचारलं, "ताई, चार आकडे आले होते, ते बघितले का?" त्या म्हणाल्या, "ते दरवेळी येतात हो. पण त्यांचं करायचं काय ते कुणी सांगितलंच नाही."

मला त्या बाईंची चूक अजिबात वाटली नाही. त्यांना अ‍ॅप कसं वापरायचं ते शिकवलं होतं, पिन कशासाठी असतो ते शिकवलं नव्हतं. इथे कसलंही हॅकिंग झालं नाही, कुठलंही सांकेतिक कुलूप तुटलं नाही. फोनचं नाव ही ओळख नव्हे. ते कुणीही सेटिंगमध्ये जाऊन अर्ध्या मिनिटात बदलू शकतं. तुमच्या कार्यालयात एवढी एक गोष्ट भिंतीवर लिहून लावली तरी माझं निम्मं उत्तर कामी आलं.

दृश्यमानतेचे पर्याय आता बघू. क्विक शेअरमध्ये साधारण तीन आहेत: फक्त तुमचीच उपकरणं, संपर्क यादीतली माणसं, आणि सर्वजण. एअरड्रॉपमध्ये बंद, फक्त संपर्क, आणि सर्वजण. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ पासून जगभर "सर्वजण" हा पर्याय दहा मिनिटांपुरताच ठेवला. दहा मिनिटं संपली की तो आपोआप संपर्कांवर येतो. क्विक शेअरमध्येही दहा मिनिटांची मर्यादा निवडता येते, ती निवडाच. क्लायंट संपर्क यादीत नसतो, त्यामुळे तुम्हाला "सर्वजण" उघडावं लागणार, ते टळत नाही. पण ते त्या माणसापुरतं, त्या दहा मिनिटांपुरतं उघडा. दिवसभर उघडा फोन म्हणजे दुकानाच्या गल्ल्याला कडी न लावणं.

"फक्त संपर्क" ठेवलं की झालं, असंही नाही. जर्मनीतल्या डार्मस्टाट तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की एअरड्रॉप समोरचा माणूस संपर्कातला आहे का हे ठरवताना फोन नंबरचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, पाठवतं, आणि त्या ठशावरून मूळ नंबर काढता येतो. आपल्याकडे हे किती सोपं आहे ते मोजून बघा. मोबाईल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण गेम खेळायच्या संगणकातलं चांगलं ग्राफिक्स कार्ड एवढे ठसे काही सेकंदांत काढून जुळवून बघतं. तुमच्या क्लायंटला यातून मोठा धोका आहे असं मी म्हणत नाही. पण पुणे स्टेशनच्या किंवा दादरच्या गर्दीत ही सोय चालू ठेवायचं काहीच कारण नाही. गरज संपली की बंद करा.

आता ब्लूटूथ. काही जुन्या मंडळींचा त्याच्यावर फार विश्वास आहे, "ते दहा मीटरच्या बाहेर जातच नाही" म्हणून. चांगल्या अँटेनाने ते त्याहून लांबून ऐकता येतं, तेव्हा अंतराच्या भरवशावर राहू नका. ब्लूटूथचा इतिहास मात्र शिकण्यासारखा आहे. २००४ मध्ये कॅबिर नावाचा किडा, म्हणजे फोनवरून फोनवर पसरणारा घातक प्रोग्रॅम, नोकियाच्या सिंबियन फोनमध्ये ब्लूटूथने पसरला. तो फोन फोडून आत शिरत नव्हता. तो विचारायचा, फाईल घ्यायची का? नाही म्हटलं की परत विचारायचा. पुन्हा नाही, पुन्हा तोच प्रश्न. कंटाळून माणूस "हो" दाबायचा आणि किडा आत. २००५ मध्ये हेलसिंकीत जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू असताना स्टेडियमच्या गर्दीत तो एका फोनवरून दुसऱ्यावर असाच फिरला. वीस वर्षं झाली, फोन पार बदलले, पण तो "हो" दाबणारा अंगठा तोच आहे. न मागितलेली फाईल दोनदा आली तर नाही म्हणत बसू नका, सरळ ब्लूटूथ बंद करा आणि जागा बदला.

२००७ मध्ये ब्लूटूथने जोडी जुळवण्याची नवी पद्धत आणली आणि ०००० किंवा १२३४ चा जमाना हळूहळू मागे पडला. पण पुढेही दोन मोठी भोकं सापडली. २०१७ मध्ये ब्लूबॉर्न: यात जोडी न जुळवताच, नुसतं ब्लूटूथ चालू असलं तरी आत शिरता येत होतं. २०१९ मध्ये नॉब: यात दोन फोन किल्लीची लांबी ठरवत असताना मध्ये ढवळाढवळ करून ती एका बाइटवर आणता येत होती. एक बाइट म्हणजे २५६ शक्यता, त्या तपासायला काहीच वेळ लागत नाही. दोन्हींवर दुरुस्त्या निघाल्या. पण दुरुस्ती निघणं आणि ती तुमच्या फोनवर येणं यात अंतर असतं. आज दुपारीच तिन्ही अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "फोनविषयी" उघडा आणि अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख बघा. तारीख दोन वर्षं मागची असेल आणि कंपनी नवीन देत नसेल, तर तो फोन गाण्यांना, फोनाफोनीला ठेवा. क्लायंटची कागदपत्रं त्यावर नकोत.

हॉटस्पॉट काढणाऱ्या अ‍ॅपबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान मी तिथे पाहिलंय. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात शेअरइट, झेंडर आणि ईएस फाईल एक्सप्लोरर होते. फाईल पाठवायला तेव्हा खेडोपाडी हीच तीन नावं होती. बंदीमागची कारणं देशाच्या सुरक्षेची सांगितली गेली, तो विषय वेगळा. मी तांत्रिक बाजू सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये उघड झालं होतं, की ईएस फाईल एक्सप्लोरर एकदा उघडलं की फोनवर ५९७७७ क्रमांकाचं एक दार मागे उघडं राहायचं. त्याच वाय-फायवरचा कुणीही त्या दारातून फोनमधल्या फाईली मागवू शकायचा, पासवर्ड वगैरे काही नाही. शेअरइटमधल्या त्रुटी ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केल्या.

बंदीला इतकी वर्षं झाली तरी ही अ‍ॅप मला अजून फोनमध्ये सापडतात. प्ले स्टोअरवर मिळत नाहीत म्हणून एकमेकांकडून एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल, घेऊन टाकलेली असतात. म्हणजे ज्या अ‍ॅपला प्ले स्टोअरवरून दुरुस्त्या मिळणं बंद झालं तेच, आणि तेही कुणी काय मिसळून दिलं माहीत नाही अशा स्वरूपात. तुमच्या कार्यालयात असेल तर आज काढून टाका.

दुसरा प्रकार फाईल मॅनेजरमधल्या "संगणकाशी जोडा" या बटणाचा. ते दाबलं की पडद्यावर एक पत्ता येतो, आधी एफटीपी (फाईल पाठवण्याची एक जुनी पद्धत), मग १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे आणि शेवटी बहुतेकदा २१२१. तो पत्ता संगणकात टाकला की फोनमधल्या सगळ्या फाईली समोर. सोय झकास आहे. प्रशिक्षणात मी हे नेहमी करून दाखवतो. एकाला सांगतो, फोनवर हे चालू करा, हवा तो पासवर्ड ठेवा, मला सांगू नका. आम्ही दोघं एकाच वाय-फायवर. माझ्या लॅपटॉपवर वायरशार्क चालू असतं, जे नेटवर्कवरून काय जातंय ते ओळीने दाखवतं. वाहतूक माझ्या लॅपटॉपवरून वळवायला मला मिनिटभर लागतं. मग तो संगणकावरून जोडतो आणि प्रोजेक्टरवर दोन ओळी येतात: एकीत "यूझर" आणि त्याने ठेवलेलं नाव, दुसरीत "पास" आणि पुढे त्याचा पासवर्ड, जसाच्या तसा. एकदा एका गृहस्थांनी मुलीचं नाव आणि जन्मसाल ठेवलं होतं. ते भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत आलं आणि वर्ग गप्प झाला. मी लगेच पडदा बंद केला. एफटीपी १९७१ पासूनची पद्धत आहे, ती बनली तेव्हा कूटबद्धतेचा विचारच नव्हता. ते बटण वापरू नका.

इथे कार्यालयाच्या वाय-फायचाही विषय येतो. क्लायंटला पासवर्ड सांगता ना? बहुतेक जण सांगतात, पाहुणचार म्हणून. डब्ल्यूपीए२ प्रकारचं कुलूप असलेल्या वाय-फायमध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस, दुसऱ्याचा फोन जोडला जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण टिपू शकला, तर त्या फोनची पुढची वाहतूक उलगडू शकतो. क्विक शेअरने पाठवलेली फाईल यातून सुटते, कारण तिला स्वतःचं वेगळं कुलूप असतं. पण एफटीपी किंवा साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर चालणाऱ्या अ‍ॅपची फाईल सुटत नाही. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही पळवाट बंद केली आहे. राउटर नवा असेल तर ते चालू करा. नसेल तर पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वाय-फाय काढा. बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते आणि पाच मिनिटांचं काम आहे.

आता आयफोनवाल्या ताईंची अडचण. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांच्यात थेट देवाणघेवाण सुरू केली, पण सुरुवात पिक्सेल १० या फोनपासून. तुमच्या फोनमध्ये ती सोय नसेल तर मी लोकलसेंड हे अ‍ॅप सुचवतो. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे आतला कोड कुणालाही वाचता येतो. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळीकडे चालतं. फाईल इंटरनेटवर न जाता एकाच वाय-फायवरच्या दोन उपकरणांत एचटीटीपीएसने, म्हणजे कूटबद्ध होऊन, जाते. दोन गोष्टी सांभाळा. सेटिंगमधलं "क्विक सेव्ह" बंद ठेवा, नाहीतर न विचारता फाईल आत येते. आणि पिन मागण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. जोडणीला कार्यालयाचं वाय-फाय नको वाटत असेल तर एका फोनचा हॉटस्पॉट काढा, पासवर्ड बारा-चौदा अक्षरांचा ठेवा, आणि फाईल गेली की हॉटस्पॉट बंद. दोन फोन एकमेकांना दिसतच नसतील तर राउटरमध्ये उपकरणं एकमेकांपासून तोडून ठेवण्याची सोय चालू असण्याची शक्यता मोठी. गेस्ट वाय-फायवर ती बहुतेकदा असतेच, आणि असावीच. अशा वेळी हॉटस्पॉटच बरा.

"मग व्हॉट्सअ‍ॅपच का नको?" असंही तुमच्या मनात असेल. वाहतुकीच्या दृष्टीने व्हॉट्सअ‍ॅप वाईट नाही, २०१६ पासून ते टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध आहे. त्रास फाईल पोचल्यानंतर सुरू होतो. ती क्लायंटच्या चॅटमध्ये राहते, तुमच्या चॅटमध्ये राहते, जोडलेल्या लॅपटॉपवर उतरते, बॅकअपमध्ये जाते. एका आधार कार्डाच्या पाच प्रती होतात आणि त्यांतली एकही पुसायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. समोर बसलेल्या माणसाकडून फाईल घ्यायला मी व्हॉट्सअ‍ॅप टाळतो ते यासाठी.

ही पोचल्यानंतरची बाजू तुमच्या प्रश्नात नव्हती, पण कर सल्लागाराच्या कार्यालयात मला तिचीच काळजी जास्त वाटते. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. फाईल कुणाची आहे हे माहीत असेल तर चार अक्षरं माहीतच आहेत, उरली फार तर शंभर सालं. उत्पन्नाच्या वार्षिक माहितीच्या पीडीएफचा पासवर्ड पॅन आणि जन्मतारीख जोडून होतो, आणि या दोन्ही गोष्टी पॅन कार्डाच्या फोटोवर छापलेल्या आहेत. तुम्ही ती पीडीएफ आणि तो फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवता. कुलपाशेजारी किल्ली टांगल्यासारखं झालं ते. असे पासवर्ड म्हणजे संरक्षण आहे असं धरून चालू नका. जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही तिथे क्लायंटकडून मास्क्ड आधार घ्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

एकाच वेळी बऱ्याच फाईली एका फोनवरून दुसऱ्यावर न्यायच्या असतील, तर आधी त्यांचं एक बंदिस्त गाठोडं करा. संगणकावर सेव्हन-झिप, अँड्रॉइडवर झेडआर्कायव्हर. प्रकार सेव्हन-झेड निवडा, पासवर्ड ठेवा आणि फाईलींची नावं कूटबद्ध करण्याच्या पर्यायावर खूण करा. साध्या झिपमध्ये पासवर्ड ठेवला तरी आतल्या फाईलींची नावं कुणालाही वाचता येतात. "अमुक पाटील जीएसटी नोटीस" हे नावच पुष्कळ काही सांगून जातं. शिवाय झिपची जुनी कूटबद्धता एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच फोडून दाखवली आहे आणि काही अ‍ॅप अजून तीच वापरतात. पासवर्ड त्याच फोनवरून पाठवू नका, तोंडाने सांगा. समोरच तर बसलेला असतो माणूस.

फोटोंबाबत एक छोटी सूचना. कागदाचा फोटो घरी काढलेला असेल तर त्यात घराचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. आयफोनवरून पाठवताना वर "पर्याय" मध्ये जाऊन स्थान वगळता येतं. तुमच्या कर्मचाऱ्यांनी कॅमेऱ्यातली स्थान नोंदवण्याची सोय बंदच ठेवावी, हे सोपं.

एपीके मात्र कुठल्याही मार्गाने, कुणाकडूनही घ्यायची नाही. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी फिरणाऱ्या एपीकेंनी एसएमएस वाचून खाती रिकामी केल्याच्या तक्रारी महाराष्ट्रभर आहेत. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते, ती कधीच अ‍ॅप नसते. फोनच्या सेटिंगमध्ये "अज्ञात अ‍ॅप स्थापित करा" ही परवानगी आठव्या अँड्रॉइडपासून प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. ती यादी उघडून बघा, फाईल मॅनेजर, व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, सगळ्यांसमोर ती बंद असली पाहिजे. चुकून असं काही टाकलं गेलंच तर आधी विमान मोड लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. यात जेवढा उशीर, तेवढे पैसे परत मिळायची आशा कमी.

आता तुमच्या कार्यालयासाठी मी काय बसवलं असतं ते सांगतो. चौघांच्या स्वतःच्या फोनवर क्लायंटची कागदपत्रं घेणं बंद. कार्यालयाचा एक फोन, साधाच पण ज्याला सुरक्षा अपडेट मिळतात असा, टेबलावर. त्यात फोटोंचा क्लाउड बॅकअप बंद, कुणाचंही वैयक्तिक खातं नाही, सहा आकडी लॉक. क्लायंट आला की त्यावर दहा मिनिटांसाठी "सर्वजण" उघडायचं. क्लायंटला म्हणायचं, "तुमच्या पडद्यावर चार आकडे आलेत ते वाचा बघू." त्याने वाचले, जुळले, मग स्वीकारायचं. आयफोनवाला क्लायंट असेल तर लोकलसेंड. ते त्याच्याकडे नसेल आणि टाकायचंही नसेल, तर ओटीजी (थेट फोनला लागणारा) पेनड्राइव्ह किंवा केबल. त्यात कमीपणा नाही, बऱ्याचदा तेच सगळ्यांत पटकन होतं. संध्याकाळी एकाने त्या फोनच्या डाउनलोडमधलं क्विक शेअरचं फोल्डर संगणकावर हलवायचं आणि फोनवरून पुसायचं. पुसल्यावर कचरापेटीही रिकामी करायची, कारण बहुतेक फोनवर पुसलेली फाईल तिथे तीस दिवस पडून असते. आयफोनवर एअरड्रॉपने आलेले फोटो थेट फोटोंच्या संग्रहात जातात आणि आयक्लाउड चालू असेल तर तिथून वरही जातात. म्हणून ताईंनी त्यांच्या फोनवर कागदपत्रं घेऊच नयेत.

आणि कुणी नोकरी सोडून जाणार असेल, तर त्याच्या शेवटच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी त्याच्या शेजारी बसून त्याच्या फोनमधलं डाउनलोड, ब्लूटूथ आणि व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स ही तीन फोल्डरं दोघांनी मिळून उघडून बघा. मागच्या हंगामातले फॉर्म १६ तिथे निघतील. ते त्याच्याच हाताने पुसायला सांगा, कार्यालयाचं वाय-फाय आणि त्या टेबलावरच्या फोनचं लॉक त्याच दिवशी बदला.